चाखायची बशी

वैशाख वद्य षष्ठी, शके १६९८
नारायण पेठ, पुणे

दिगंबर नरहरी यास,

तुझे पत्र पोचले. ते तुझ्या आईच्या नावाने आहे. तिला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणजे वाचणार कोण हेही ठाऊक होते. तीन वर्षांनी पत्र पाठवायचे, तेही असा वळसा घालून. असो. वाचून दाखवले. तिने तीनदा वाचायला लावले. तिसऱ्या वेळी मी कागदाकडे न बघता म्हणत होतो.

तू जिवंत आहेस हे कळले. वलंदेज नावाच्या गोऱ्या टोपीकरांच्या जहाजावर आचारी होऊन तू जपान नावाच्या मुलखापर्यंत गेलास. तिथल्या बंदरात भराव घालून केलेल्या एवढ्याशा बेटावर टोपीकरांना ठेवले आहे, आणि पूल ओलांडून गावात जायची तुम्हाला बंदी आहे. घरात कोंडल्यासारखे होते म्हणायचास. इतक्या लांब जाऊन कोंडूनच घेतलेस.

टोपीकरांना काय रांधून घालतोस ते लिहिले नाहीस. बरे केलेस.

पुलापलीकडून एक म्हातारा स्वयंपाकी रोज येतो, पूर्वी तो कुठल्या मठात रांधत होता, आणि त्याच्याकडून शिकलेले तू आईला लिहून पाठवले आहेस, घरी करून बघ म्हणून. घरच्या चुलीवर तीच रांधते. पण हे करायला तिने नकार दिला. म्हणाली, "मला वाचता येत नाही. तुम्ही वाचा, तुम्हीच करा." तुम्हा दोघांचे आधीपासून ठरले असावे.

भाताचा मुटका केला. गरम भात, ओला हात, हाताला मीठ, तिकोनी दाबायचा. याला कृती म्हणायची तर पाणी पिण्यालाही म्हणावी लागेल. शिवाय भाताचा हात मिठात कसा घालायचा? सगळे मीठ खरकटे होईल. मी पानावर थोडे वेगळे काढून घेतले. हे तू लिहायला हवे होतेस. आत घालायच्या खारवलेल्या फळाच्या जागी लिंबाच्या लोणच्याची फोड घातली. हात भाजला. तिसरा मुटका तिकोनी झाला. तुझ्या आईने दोन खाल्ले आणि म्हणाली, "शेतावर न्यायला बरा." वाघोलीची ती. तिला प्रत्येक पदार्थ बांधावर बसून दिसतो.

तो म्हातारा पातेल्यातले थोडे चिमुकल्या बशीत काढतो, चाखतो आणि मग पुढे जातो, असे तू लिहिले आहेस. ती ओळ का लिहिलीस ते मला कळते. चाखायला वेगळी बशी ठेवतात, म्हणजे चुकून चाखत नाहीत, ठरवून चाखतात. त्यांचे त्यांना लखलाभ. आपल्याकडे नैवेद्याआधी कुणी चाखत नाही. मुंज झाल्यापासून मी चुलीपाशी आहे. वासावर, रंगावर, उकळीच्या आवाजावर रांधत आलो. आमटीत मीठ आहे की नाही ते मला वाफेवरून कळते.

शेवटी तू विचारले आहेस, "मी परत आलो तर मला पान वाढाल का?" ती ओळ मी तुझ्या आईला वाचून दाखवली नाही. मग दोघांना उत्तर द्यावे लागले असते.

वाघोलीचा सोनबा कार्तिकात बैल घेऊन घाट उतरतो, बंदरापर्यंत जातो. हे पत्र तोवर फडताळात राहील.

नरहरी आचारी

*

कार्तिक शुद्ध एकादशी, शके १६९८

दिगंबर यास,

आज उपास. चूल थंड आहे, म्हणून लिहायला सवड आहे. सोनबा परवा निघतो.

आषाढात तुझी तळणी केली. तू लिहितोस, गव्हाचे पीठ गार पाण्यात कालवायचे, फार ढवळायचे नाही, गुठळ्या राहू द्यायच्या. दिगंबर, मी पन्नास वर्षे गुठळ्या मोडतो आहे. पहिल्या घाण्याला हात आपोआप फिरला आणि पीठ एकजीव झाले. भोपळ्याच्या कापांवर जाड साल चढली, भज्यासारखी. तुझी आई म्हणाली, "कागद पुन्हा वाचा." वाचला. दुसऱ्या वेळी डावा हात पाठीशी धरला आणि उजव्याने चारदाच ढवळले. ओव्याची पाने तळली. पीठ पानाला जेमतेम चिकटले. आतले हिरवे दिसत होते. कुरकुरीत आणि हलके. तेल पीत नाही. हे चांगले आहे. चांगल्याला चांगले म्हणायला माझी हरकत नसते.

शेजारच्या तुळजाबाई वासावर आल्या. "आचारीबुवा, आज कसला सण?" म्हणाल्या. तुझी आई म्हणाली, "भोपळा संपवतोय." तुळजाबाईंनी सहा पाने संपवली आणि भोपळ्याला नावे ठेवून गेल्या.

आमटीचे मात्र जमणार नाही. डाळ मीठ घालून वर्षभर आंबवायची आणि त्या गोळ्याची आमटी करायची. आपल्याकडे आमटी आंबली तर गाईला घालतात. आणि तो गोळा ज्या पाण्यात सोडतात त्या पाण्यात आधी काय उकळतात, ते तू लिहिले नाहीस. 'पाणी तयार करून घ्यावे' एवढेच आहे. कृतीत काय गाळले आहे ते आचाऱ्याला आधी दिसते. मासा असणार. लिहायला हवे होतेस. ती ओळ मी तुझ्या आईला वाचून दाखवली नसती, एवढेच.

मागच्या महिन्यात आप्पासाहेबांकडे रांधायला गेलो होतो. त्यांच्या नातवाच्या मुंजीनंतर पहिल्यांदाच. मागच्या अंगणात चुलाण तिथेच आहे. तिथेच तू, सोवळ्यात, तीनशे पाने मांडलेली असताना, आमटीची पळी तोंडाला लावलीस. आडोशाला नाही. उपाध्ये बघत होते, आप्पासाहेबांच्या घरच्या बायका बघत होत्या. अख्खा हंडा उष्टा झाला. तो मोरीत ओतला, दुसरा चढवला आणि पंगत दोन प्रहर उलटून गेल्यावर बसली. मी तुला काय बोललो ते तुला आठवत असेल. माझ्या चुलीपाशी तुझी सावली पडू देणार नाही, असे बोललो. ते सगळ्यांनी ऐकले.

या खेपेला आप्पासाहेबांनी विचारले, "मुलगा कुठं असतो?" मी म्हणालो, "लांब." ते म्हणाले, "बरं." पुण्यात माणसे याहून जास्त विचारत नाहीत. त्यांना आधीच कळलेले असते.

नरहरी

*

ज्येष्ठ शुद्ध द्वितीया, शके १६९९

चि. दिगंबर,

तुझे दुसरे पत्र आणि गाठोडे पोचले. गवतात गुंडाळलेली मातीची कुपी फुटली नाही. वाळलेल्या समुद्राच्या गवताची पट्टीही मिळाली. माझे कार्तिकातले पत्र तुला अजून पोचलेलेही नसेल. म्हणजे माशाचे मी विचारायच्या आधीच तू उत्तर पाठवलेस. "मठात मासा चालत नाही, तिथे या गवताचे पाणी काढतात" असे लिहिले आहेस. हे गवत चालते का, ते कुणा शास्त्र्यांना विचारावे असे मनात आले. विचारले तर ते ग्रंथ शोधत बसतील. विचारले नाही.

कुपीतले काळे पाणी आधी घरात घेतले नाही. समुद्रावरून आलेले, कुणी केले, कशात केले, माहीत नाही. आठ दिवस अंगणातल्या कोनाड्यात होते. तुझी आई रोज फडके उघडून वास घ्यायची. नवव्या दिवशी म्हणाली, "अहो, गूळ करपल्यासारखा वास आहे. वाईट काही नाही यात." आणि कुपी घरात आली. मी आणली असे नाही. आली.

आता पिठाचे. कणीक घट्ट भिजवायची, वर चटई घालायची आणि पायाने तुडवायची, मग लाटून बोटाएवढ्या जाड शेवया कापायच्या. हे वाचताना मी थांबलो. अन्नाला पाय लावायचा? तुझी आई एवढी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "खळ्यावर बैल कशानं मळणी करतात? हातानं?"

मी म्हणालो, "तो बैल आहे."

"मग बैलानं तुडवलेलं चालतं, माणसानं तुडवलेलं नाही. असं कुठं लिहिलंय?"

तिने पाय धुतले, कणकेवर धुतलेले फडके घातले, भिंतीला हात धरून उभी राहिली आणि तुडवली. मी दुसरीकडे बघत होतो. मग बघितले. दोन पाय, जागच्या जागी, हळू. लग्न होऊन आली तेव्हा अंगणात अशीच माती तुडवायची, सारवणाची. कणीक हाताने कधी होत नाही अशी चिवट झाली.

रस्सा मी केला. गवताचे पाणी काढले, उकळी आली तसे मीठ घातले आणि उतरवताना तुझे काळे पाणी ओतले. वास चांगला आला. रंग चांगला. मी वाढले. तुझ्या आईने सगळे खाल्ले आणि दोन लोटे पाणी प्यायली. मी विचारले, "कसं झालंय?" ती म्हणाली, "शेवया छान झाल्यात."

मग मी खाल्ले. ते तोंडात धरवत नव्हते. काळे पाणी म्हणजे मीठच आहे हे मला कळायला हवे होते. तुझ्या पत्रात ते होते, खालच्या ओळीत, आंबवलेल्या डाळीचे खारे पाणी म्हणून. मी कृती वाचली, पण मीठ हाताने घातले. हात वाचत नाही.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे. न चाखता रांधता येते, ते आधी हजारदा खाल्लेलेच. आमटीची वाफ मला कळते, कारण आमटी मला माहीत आहे. तुझ्या रश्श्याची वाफ मला काही सांगत नाही. तिला माझी भाषा येत नाही.

तू लिहिले आहेस की टोपीकरांशी तुझा करार शके १७०० च्या शरदात संपतो. श्रावणात जहाज तिथे पोचते, आश्विनात परत फिरते. त्याआधी राहणार की जाणार ते त्यांना सांगावे लागेल. खाली बारीक अक्षरात तोच जुना प्रश्न आहे. म्हणजे माझे उत्तर येत्या कार्तिकात सोनबाबरोबर निघाले नाही, तर तू राहणार. मला दिसले. अक्षर बारीक काढल्याने प्रश्न लहान होत नाही.

नरहरी

*

आश्विन वद्य तृतीया, शके १६९९

चि. दिगू,

भाद्रपदापासून तुझी आई अंथरुणाला आहे. आता उठून बसते, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे तू नीट वाचशील.

ताप होता. मग पायांवर सूज आली. ज्या पायांनी कणीक तुडवली तेच. वैद्य म्हणाले, मीठ अगदी बेताचे. पण पोटात काही जायला हवे. तिला काहीच जात नव्हते. वरण दिले, नको. भात दिला, नको. चौथ्या दिवशी म्हणाली, "दिगूनं लिहिलेली पेज करा."

तुझा पहिला कागद काढला. तांदळाच्या दहापट पाणी, मंद विस्तव, झाकण, आणि ढवळायचे नाही. आपण पेज ढवळतो, हीत पळी घालायची नाही. मी चुलीसमोर हात मांडीखाली घेऊन बसलो. दाणे फुटले पण मोडले नाहीत. वरचे पाणी दुधासारखे झाले. खारवलेल्या लिंबाची बिनतेलाची फोड धुऊन घातली. आणि तुझे काळे पाणी, थेंब मोजून. सात.

वाटी घेऊन गेलो. तिने विचारले, "मीठ किती आहे?"

मी म्हणालो, "बेताचं असावं."

"असावं म्हणजे?"

मी वाटीची वाफ पुन्हा हुंगली.

ती म्हणाली, "माझ्या तोंडाला चव नाही. समुद्र वाढलात तरी मला कळायचं नाही. त्या दिवशी शेवयांच्या रश्श्याचं काय झालं होतं? अहो, तुम्ही चाखा."

मी म्हणालो, "मी चुलीपाशी आहे. सोवळ्यात आहे."

ती म्हणाली, "मग मी न चाखताच पिते." आणि हात पुढे केला.

मी वाटी मागे घेतली. पुन्हा चुलीशी गेलो, पातेल्यातली पेज पळीने तळहातावर घेतली आणि चाखली. त्रेसष्टाव्या वर्षी.

आधी काहीच कळले नाही, नुसते ऊन लागले. मग तांदळाचा गोडपणा आला. मग लिंबू, मग तो करपल्या गुळासारखा काळा वास, आणि त्या सगळ्याच्या मागून मीठ. जास्त होते. फार नाही, पण सुजलेल्या पायांना जास्त. मी ती ओतून दिली नाही. गरम पाणी घातले, पुन्हा चाखले. पुन्हा घातले. तिसऱ्या वेळी बरोबर झाले. बरोबर झाले ते कळले, आणि मला कसे सांगू, मला त्याचा आनंद झाला. पोरासारखा.

तिने अर्धी वाटी घेतली.

मग मी तिला ते सांगितले. आता तुला सांगतो. मुंजीच्या दिवशी आमटीत मीठ माझ्या हातून दोनदा पडले होते. एकदा घातले, तेवढ्यात आप्पासाहेबांनी पुरणाचे विचारायला बोलावले, परत आलो आणि पुन्हा दोन ओंजळी घातल्या. त्याच संध्याकाळी सामान आवरताना मिठाची टोपली उचलली. ती हलकी होती. मला तेव्हाच कळले. तू घरी कपडे बांधत होतास. मी टोपली खाली ठेवली आणि काही बोललो नाही.

तुझी आई म्हणाली, "मला ठाऊक आहे."

मी विचारले, "केव्हापासून?"

"तो गेला त्या दिवसापासून. जाताना म्हणाला, आई, तात्यांनी मीठ दोनदा घातलेलं मी पाहिलं. सांगितलं असतं तर त्यांनी मानलं नसतं, आणि सगळ्यांनी ऐकलं असतं. हंडा ओतायला दुसरा उपाय नव्हता. त्यांना सांगू नकोस, म्हणाला."

मी हातातली वाटी फिरवत राहिलो. ती म्हणाली, "वाटी द्या, राहिलेली पिते."

म्हणजे तू चव घ्यायला चाखलेच नव्हतेस. हंडा खारट आहे म्हणून कुणी ओतला नसता. तीनशे पानांवर ती वाढली गेली असती आणि माझे नाव गेले असते. उष्टा झाला म्हणून ओतला. नाव तुझे गेले.

साडेचार वर्षे ती हे पोटात ठेवून माझ्यासमोर जेवली. मीही तसाच जेवलो. एका घरात दोघे एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. आणि तिसरा समुद्रापलीकडून मुटक्याच्या कृती पाठवत होता.

तात्या

*

कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १६९९

चिरंजीव दिगूस अनेक आशीर्वाद.

सोनबा दारात उभा आहे. बैलांना घाई नाही, त्याला आहे. तुझी आई त्याला गूळपाणी देऊन थांबवते आहे. ती घरात भिंत धरून चालते. सूज उतरली. कालपासून मला स्वयंपाकघरात आवाज फार करतो म्हणून बोलू लागली, म्हणजे बरी आहे.

परवा आप्पासाहेबांकडे गेलो होतो. ओसरीवर चौघे बसले होते, उपाध्येही होते. मी उभ्यानेच सांगितले की नातवाच्या मुंजीला मीठ माझ्या हातून दोनदा पडले होते, आणि मुलाने ते झाकण्यासाठी पळी तोंडाला लावली.

आप्पासाहेब म्हणाले, "आचारीबुवा, साडेचार वर्षं झाली. आता कशाला?"

मी म्हणालो, "साडेचार वर्षं झाली म्हणूनच."

उपाध्ये म्हणाले, "पण चाखलं ते चाखलंच ना?"

मी म्हणालो, "मीही चाखतो आता. पेजेपासून सुरुवात केली."

तुळशीच्या लग्नाचे रांधण आप्पासाहेबांनी दुसऱ्या कुणाला सांगितले आहे, असे काल तुळजाबाई सांगून गेल्या. जाताना विचारत होत्या, "ती ओव्याची पानं पुन्हा कधी?"

आता तुझ्या प्रश्नाचे. तू समुद्र ओलांडलास. पंगतीत तुला कुणी बसवणार नाही. प्रायश्चित्त सांगतील, ते घेतलेस तरी शेजारी बसायला कुणी धजणार नाही, आणि याउप्पर मलाही बसवतील असे नाही. हे सगळे तुला माहीत असून तू विचारलेस ते पंगतीचे नाही, माझे. तीन ओळींत उत्तर देता आले असते. त्याला मी दीड वर्ष लावले.

मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, दुसरी चूल घातली आहे. माती मी मळली, सारवले तुझ्या आईने, बसून. त्या चुलीला सोवळे नाही. शेजारी दोन माणसे उभी राहतील एवढी जागा ठेवली आहे. सावली पडली तरी चालेल. दशमीला तिच्यावर भोपळ्याचे काप तळले, चारदाच ढवळून, आणि तुझ्या आईच्या पानाशेजारी माझे पान घेतले. तिच्या दुसऱ्या बाजूला एक पाट मांडला होता. मी नाही मांडला. पण उचललाही नाही.

ये. मी वाढीन.

काळ्या पाण्याची कुपी निम्म्यावर आली आहे, ती आण. समुद्राचे गवत आण. आणि तो म्हातारा ज्या बशीत चाखतो, तशी बशी तिथे मिळत असेल तर आण.

दोन आण.

तुझे तात्या